कोणत्या कमिटीत बसू, टीचर?

सदर : वर्गाबाहेरचे धडे



या वेळी एका फॉर्मबद्दल लिहिते. तुमच्या घरात आठवी ते बारावीतलं मूल असेल, तर आज ना उद्या हा फॉर्म तुमच्याही हातात पडेल. त्या वेळी माझ्या हातून जी चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शाळेत नववीला एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, वाचनाची आवड, पण बोलायला उभं केलं की आवाज घशातच अडकायचा. तिचे अब्बा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. एक दिवस ते स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात घडी घातलेला कागद. "टीचर, मुलीला मुंबईला पाठवायचं म्हणते. मुलांचं युनायटेड नेशन्स भरतं म्हणे. फी दोन हजारांच्या वर आहे. ती मी भरतो. पण या कागदावर तीन पसंती लिहायला सांगितल्या आहेत, त्या काही कळत नाहीत."

कागदावर नावांची यादी होती. डायसेक, सोकम, सुरक्षा परिषद, मानवाधिकार परिषद, क्रायसिस कमिटी, लोकसभा, एआयपीपीएम, इंटरनॅशनल प्रेस. खरं सांगते, त्यातली निम्मी नावं मलाही नवीन होती. मी विचारलं, "सगळ्यात जास्त मुलं कुठं असतात?" मुलगी म्हणाली, "डायसेकमध्ये." मी म्हटलं, "मग तिथंच टाका. गर्दीत नवखी मुलगी बुजणार नाही." आणि पहिल्या पसंतीवर मीच खूण केली.

दोन दिवसांची परिषद झाली. तिला आणायला तिचे अब्बा आणि मी दोघेही गेलो होतो. परतीच्या टिटवाळा लोकलमध्ये ती माझ्या शेजारी लेडीज डब्यात बसली होती. ठाणं गेलं, डोंबिवली गेलं, कल्याण आलं. शहाड यायच्या आधी तिनं एकच वाक्य सांगितलं. "टीचर, माझा नंबर आलाच नाही."

तिच्या कमिटीत शंभरावर मुलं होती. भाषण प्रत्येकी नव्वद सेकंदांचं. हिशेब करून बघा. शंभर मुलं एकेकदा बोलायची म्हटली तरी दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास लागतात. त्यात हजेरी, सूचना, मतदान, चहा, जेवण. ज्यांना सवय होती ती पाटी पटकन उंच करायची आणि पुन्हा पुन्हा बोलायची. आमच्या मुलीनं दोन दिवस पाटी धरली, पण खांद्याच्या वर नेली नाही. तिच्या अब्बांनी काही विचारलं नाही. स्टेशनबाहेर रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "ठीक आहे, मुंबई तरी बघितली."

ते वाक्य मला लागलं. चूक मुलीची नव्हती आणि तिच्या अब्बांचीही नव्हती. कोणत्या खोलीत काय चालतं, हे न पाहता मी तिला आत पाठवलं होतं. म्हणून मग मी बसले आणि हा प्रकार नीट समजून घेतला.

हे आहे तरी काय?

याला मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणतात. मुलं त्याला 'मन' म्हणतात. मूल एखाद्या देशाचं प्रतिनिधी होतं, त्या देशाचं खरं धोरण वाचून येतं, इतर देशांशी बोलणी करतं, ठरावाचा मसुदा लिहितं आणि शेवटी मतदान होतं. ही पद्धत संयुक्त राष्ट्रांपेक्षाही जुनी आहे. संयुक्त राष्ट्रं 1945 साली स्थापन झाली. त्याआधी राष्ट्रसंघ होता, तेव्हाच अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थी नकली राष्ट्रसंघ भरवत असत. आपल्याकडे मुंबईतल्या मोठ्या इंग्रजी शाळा आणि कॉलेजं अशा परिषदा भरवतात. 2011 साली मुंबईत सुरू झालेली आयआयएमयूएन ही संस्था अनेक शहरांत त्या घेते.

ही सवय आपल्या देशाला अगदी परकी नाही. केंद्र सरकारच्या संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना 1966 पासून चालू आहे. त्यात पन्नास-पंचावन्न विद्यार्थी खासदार होतात आणि तासाभरात प्रश्नोत्तरांपासून विधेयकापर्यंत संसदेचं कामकाज करून दाखवतात. तुमच्यापैकी काहींनी शाळेत ते केलंही असेल.

फरक असा की युवा संसदेत एकच सभागृह असतं, तर 'मन'मध्ये एकाच इमारतीत सात-आठ वेगवेगळ्या खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीचा कायदा वेगळा. कुठं बोलायला दीड मिनिट मिळतं, कुठं चिठ्ठी लिहून काम होतं, कुठं एकाच माणसाच्या 'नाही'वर सगळं थांबतं. मुलाचा स्वभाव आणि खोलीचा कायदा जुळला, तर दोन दिवसांत मूल बदलून घरी येतं. नाही जुळला, तर मुंबई बघून येतं.

मोठी खोली : आमसभा

आमसभेत आज 193 देश आहेत. छोटा असो वा मोठा, प्रत्येकाला एकच मत. तिच्या सहा मुख्य समित्या आहेत. पहिली निःशस्त्रीकरण आणि सुरक्षेची, तिला मुलं डायसेक म्हणतात. तिसरी सामाजिक, मानवतावादी आणि सांस्कृतिक प्रश्नांची, ती सोकम.

इथं सकाळी हजेरी होते. 'उपस्थित' म्हणायचं की 'उपस्थित आणि मतदान करणार' म्हणायचं, हे मुलानं आधी ठरवून यावं. दुसरं म्हटलं तर शेवटी ठरावावर तटस्थ राहता येत नाही. मग वक्त्यांची यादी उघडते. अधूनमधून एखाद्या मुद्द्यापुरती छोटी चर्चा होते, ती मॉडरेटेड कॉकस. त्यात तीस-चाळीस सेकंदांत बोलावं लागतं. आणि अनमॉडरेटेड कॉकस म्हणजे चक्क खुर्च्या सोडून घोळके करणं. खरं काम त्या घोळक्यांतच होतं. कोण मसुदा लिहिणार, कोण सही देणार, कोणाच्या कोणत्या ओळी घ्यायच्या, ते तिथं ठरतं.

म्हणजे मोठ्या खोलीत बुजरं मूल लपतं हे खरं, पण लपलेलं मूल लपलेलंच राहतं. ज्याला माणसं गोळा करायला आवडतं, लग्नघरात जे मूल सगळ्यांच्या पंगती लावतं, त्यानं आमसभेत जावं. बुजऱ्या मुलाला तिथं पाठवायचंच असेल, तर एक युक्ती सांगून पाठवा : पहिल्या अर्ध्या तासात यादीत नाव घालायचं. यादी लांबली की संपलं.

पंधरा खुर्च्या : सुरक्षा परिषद

सुरक्षा परिषदेत पंधरा देश. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कायमचे. उरलेले दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. भारत आजवर आठ वेळा निवडून आला, शेवटचा 2021-22 मध्ये. ठरावाला नऊ मतं लागतात, आणि पाचांपैकी एकानेही विरोधी मत दिलं तर चौदा हात वर असूनही ठराव पडतो. हाच व्हेटो. मात्र त्या पाचांपैकी कोणी तटस्थ राहिला, तर तो व्हेटो धरत नाहीत. हा बारकावा ज्या मुलाला ठाऊक असतो, त्याचं त्या खोलीत वजन पडतं.

इथं लपायला जागा नाही. पंधरा जणांत प्रत्येकाला तासाभरात दोन-तीनदा तरी बोलावं लागतं. काही परिषदांत एका देशासाठी दोन मुलं बसवतात, त्याला डबल डेलिगेशन म्हणतात. एक बोलतो, दुसरा मसुदा सांभाळतो. भावंडं किंवा मैत्रिणी एकत्र जात असतील, तर ही सोय जरूर विचारा.

या परिषदेशी आपल्या मुंबईचं एक नाव जोडलेलं आहे. न्या. मोहम्मदअली करीम छागला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, पुढे केंद्रीय शिक्षणमंत्री. 1964 साली काश्मीरच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. त्या वर्षी भारत परिषदेचा सदस्य नव्हता. सदस्य नसलेल्या पण प्रश्नाशी संबंध असलेल्या देशाला तिथं बोलावतात. तो बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. छागलांच्या हाती तेव्हा एकही मत नव्हतं, होते फक्त शब्द. मुलांना हे सांगा. हातात मत नसलं तरी माणूस बोलायला उभा राहतो.

मधल्या आकाराच्या खोल्या

मानवाधिकार परिषदेत 47 देश असतात. तिथं कोणालाच व्हेटो नाही. निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर, आरोग्यासाठीची डब्ल्यूएचओ, अशा संस्थांच्या समित्याही साधारण तीस-चाळीस मुलांच्या असतात. विषय एका प्रश्नापुरता बांधलेला असतो. वाचून येणाऱ्या मुलासाठी ही सर्वांत चांगली जागा, असं माझं मत झालं आहे.

आणि आमच्या भागातल्या मुलांकडे तर इथं सांगण्यासारखं घरचंच असतं. उल्हासनगर म्हणजे मुळात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ बांधलेल्या लष्करी बराकींत त्यांना ठेवलं. 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आजही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतो. आमच्या मुलांचे दुकानदार, डॉक्टर, शेजारी यांचे आजी-आजोबा त्या बराकींत वाढले. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर अजून सही केलेली नाही, आणि तरीही एवढी माणसं इथं वसली. यूएनएचसीआरमध्ये भारताची पाटी घेऊन बसलेल्या मुलाला ही गोष्ट वाचून नव्हे, रोज पाहून माहीत असते. दक्षिण मुंबईच्या मुलाला ती पुस्तकातून शोधावी लागते.

घड्याळावर चालणारी खोली : क्रायसिस कमिटी

इथं देशाऐवजी अनेकदा व्यक्तीची भूमिका मिळते. कोणी संरक्षणमंत्री, कोणी सेनापती, कोणी महापौर. चर्चा चालू असताना दार उघडतं आणि नवी बातमी येते. पूल कोसळला, फोन बंद पडले, अमुक माणूस पळाला. मुलांनी लगेच हुकूम काढायचे. काही हुकूम सगळ्यांनी मिळून, काही गुपचूप चिठ्ठीनं. मागच्या खोलीत बसलेली मंडळी त्या चिठ्ठ्यांवरून पुढची बातमी तयार करतात.

आमच्या मुलांना हे समजावताना मी 2019 चा जुलै आठवायला सांगितला. 26 जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. बाहेर उल्हास नदीचं पाणी, आत सुमारे हजार प्रवासी. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. वर्गात मी भूमिका वाटल्या : जिल्हाधिकारी, रेल्वेचा अधिकारी, बोटपथकाचा प्रमुख, जवळच्या गावचा सरपंच, डब्यातली गरोदर बाई. दर दहा मिनिटांनी फळ्यावर एक ओळ लिहायची : पाणी एक फूट वाढलं. डब्यातलं पिण्याचं पाणी संपलं. प्रवासी खाली उतरू बघताहेत. एरवी शेवटच्या बाकावर झोपणारा एक मुलगा असा सरपंच झाला की आम्ही बघत राहिलो. "बोटी येईपर्यंत आमच्या पोरांकडे ट्यूब आणि दोर आहेत, आधी ते वापरा," हे त्यालाच सुचलं.

क्रायसिस कमिटी ही चटकन डोकं चालवणाऱ्यांची जागा. पण पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी नाही. नियम तोंडपाठ नसतील, तर तिथं मूल गोंधळून जातं.

आपल्या भाषेची खोली

लोकसभा, आणि एआयपीपीएम म्हणजे सर्वपक्षीय बैठक, या दोन समित्या खास भारतातल्या परिषदांतच दिसतात. इथं मुलाला खऱ्या नेत्याची भूमिका मिळते. बहुतेक ठिकाणी हिंदी चालते. उर्दू माध्यमातल्या मुलाला इथं मोठा फायदा असतो. त्याची भाषा इथं कानाला गोड लागते. मात्र एक सावधगिरी. या खोल्यांत आरडाओरडा फार होतो, आणि टीव्हीवरची भांडणं पाहून आलेली मुलं तेच करतात. आपल्या मुलाला घरातून सांगून पाठवा, की ज्याचा कागद पक्का त्याचा आवाज चढत नाही.

शेवटची खोली प्रेसची. मुलं पत्रकार होतात, सगळ्या कमिट्यांत फिरतात, संध्याकाळपर्यंत बातमी लिहून देतात. ज्याला बोलायचं भय वाटतं पण लिहिता येतं, त्यानं पहिल्या वर्षी इथं जावं. दोन दिवसांत सगळ्या खोल्या बघून होतात आणि पुढच्या वर्षी कुठं बसायचं ते मुलाचं मुलालाच कळतं.

एकच कागद, तीन खोल्या

कोणी म्हणेल, एवढे प्रकार हवेत कशाला? सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवा आणि बोलू द्या. याचं उत्तर मला 1948 च्या एका कागदात सापडलं. तो कागद म्हणजे मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा.

तो आधी मानवाधिकार आयोगात घडला. तिथं 18 देश होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या, मुंबई विधान परिषदेवर निवडून गेलेल्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. त्यांनी आग्रह धरला आणि तिथं 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द आले. अठरा जणांची खोली होती, म्हणून एका शब्दावर अडून बसता आलं.

मग तो मसुदा आमसभेच्या तिसऱ्या समितीत गेला. हीच ती सोकम. तिथं सगळे देश होते, आणि 80 हून अधिक बैठका झाल्या. पाकिस्तानच्या प्रतिनिधी बेगम शाइस्ता इकरामुल्लाह यांनी तिथं लग्नातल्या समान हक्काच्या कलमाचा पुरस्कार केला. बालविवाह आणि जबरदस्तीचे विवाह थांबवायला त्याचा उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेवटी 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये आमसभेपुढे मतदान झालं. बाजूने 48, विरोधात एकही नाही, तटस्थ 8.

छोट्या खोलीत शब्द घडले, मधल्या खोलीत त्यांची परीक्षा झाली, मोठ्या खोलीत ते मंजूर झाले. तीनही खोल्या लागल्या. त्यातल्या कुठल्या खोलीत आपलं मूल उपयोगी पडेल, हाच फॉर्मवरचा खरा प्रश्न.

"दुसऱ्याची बाजू तू का मांडायची?"

आता घरातल्या अडचणीबद्दल. वर्गात सुरक्षा परिषद भरवली तेव्हा एका मुलाला अमेरिकेची पाटी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याचे चाचा शाळेत. "टीचर, घरात आम्ही ज्यांच्या व्हेटोला रोज नावं ठेवतो, त्यांची बाजू हा मांडणार? पाटी बदला."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हटलं, भाईजान, मी त्याला अमेरिकेवर प्रेम करायला सांगितलेलं नाही. ते काय म्हणतात आणि का म्हणतात, ते शोधून यायला सांगितलं आहे. कोर्टात आपल्या वकिलाला समोरच्याची फाईल माहीत नसेल, तर खटला कोण हरतं? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण तो त्यांच्यासारखा बोलायला लागला तर?" मी म्हटलं, एका तासाच्या पाटीनं मूल फिरत असेल, तर काम घरात करावं लागेल, पाटी बदलून भागणार नाही.

पाटी बदलली नाही. मुलानं व्हेटो वापरला, वर्गानं बाकं वाजवून त्याचा निषेध केला, आणि बाहेर आल्यावर तो म्हणाला, "टीचर, चौदा जणांसमोर एकट्यानं नाही म्हणणं फार जड जातं." हा धडा मी पुस्तकातून शिकवू शकले नसते.

तरीही एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. एखादी भूमिका मुलाला मनापासून नको असेल, तर आयोजकांना आधी कळवून ती बदलून मागता येते. मागायला संकोच नको. पण नको कोणाला, मुलाला की आपल्याला, हे आधी तपासावं.

आमच्या वर्गातली कमिटी

मुंबईच्या फीवर आणि लोकलच्या प्रवासावर सगळ्यांचं भागत नाही. म्हणून आम्ही दर महिन्याच्या एका शनिवारी शाळेतच कमिटी भरवायला लागलो. खर्च काही नाही. पुठ्ठ्याच्या पाट्या, एक घड्याळ, टेबलावर ठोकायला लाकडी डस्टर. भाषा उर्दू किंवा मराठी, ज्याला जी येईल ती. मसुदा मात्र दोन्ही भाषांत लिहायचा. 'तटस्थ'ला उर्दूत 'ग़ैर-जानिबदार' आणि 'ठराव'ला 'क़रारदाद', हे शब्द मुलांना त्या निमित्तानं कळले.

एका शनिवारी विषय घेतला वालधुनी नदीचा. जीन्स धुण्याच्या कामातून रंगीत पाणी नदीत जातं, हा आमच्याकडचा जुना प्रश्न. पाच बाजू केल्या : कारखानदार, कामगार, महापालिका, नदीकाठचे रहिवासी, प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येक बाजूला तीन मुलं, म्हणजे पुन्हा पंधरा. ती मुलगी, जिचा मुंबईत नंबर आला नव्हता, तिला चिठ्ठीत नदीकाठचे रहिवासी आले.

तिचे अब्बा त्या दिवशी तिला न्यायला लवकर आले आणि मागच्या बाकावर बसले. मला धाकधूक. त्यांची रोजी जीन्सवर. मुलगी उभी राहिली. आवाज सुरुवातीला कापत होता. मग म्हणाली, "आमच्या दारातलं पाणी कधी निळं असतं, कधी काळं. तुम्ही पँट विकता तेव्हा तिच्या किमतीत आमच्या नदीची किंमत धरता का?" वर्ग शांत झाला. कामगारांच्या बाजूनं बोलणारा मुलगा उठला, "आम्ही पण गरीब आहोत," एवढं म्हणाला आणि खाली बसला.

ठराव झाला. पाणी शुद्ध करण्याचं सामाईक केंद्र उभारावं, तोवर कोणा कामगाराची मजुरी तोडू नये. मतं नऊ विरुद्ध सहा.

मुलं गेल्यावर तिचे अब्बा माझ्या टेबलापाशी आले. मी म्हटलं, वाईट वाटलं असेल तर माफ करा, चिठ्ठीत जी बाजू निघाली ती तिनं मांडली. ते म्हणाले, "वाईट काय वाटायचंय? ती खोटं नाही बोलली. पण टीचर, आमची बाजू मांडणारं पोर फार कच्चं होतं. पुढच्या वेळी त्याला आधी माझ्याकडे पाठवा. कामगाराचं म्हणणं काय असतं, ते मी त्याला सांगतो."

आणि खरोखरच तो मुलगा गेला. एका रविवारी दोन तास कारखान्यात बसून आला. काम बंद राहिलं की कोणाची उधारी कुठं थकते, हे सगळं वहीत लिहून आणलं. पुढच्या शनिवारी त्यानं पाच मिनिटं भाषण केलं.

फॉर्म भरण्याआधी

शेवटी पालकांसाठी थोडक्यात. फॉर्म हातात आला की पसंती लिहिण्याआधी आयोजकांना फोन करून एवढं विचारा. त्या कमिटीत किती मुलं असतील? भाषा कोणती चालेल? नवख्यांसाठी वेगळी कमिटी किंवा आदल्या दिवशी शिकवणी आहे का? एका देशासाठी एक मूल की दोन? फीमध्ये जेवण आहे का? दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटणार? आपल्याला कल्याणच्या पुढचा प्रवास असतो, हे मुंबईच्या आयोजकांच्या ध्यानात येतंच असं नाही.

आणि मुलाला एकच विचारा. तुला जास्त काय जमतं : माणसं जमवणं, नियम पाळून भांडणं, वाचून मुद्दा मांडणं, घाईत निर्णय घेणं, की ऐकून लिहिणं? उत्तरातच कमिटीचं नाव असतं.

त्या मुलीचा पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म आला. तिचे अब्बा पुन्हा तोच कागद घेऊन आले, पण या वेळी मुलगीही सोबत होती. मी सवयीनं पेन उचललं. तिनं कागद माझ्याकडे न देता आधी मलाच विचारलं, "टीचर, मानवाधिकार परिषदेत यंदा किती जणी-जण आहेत, ते फोन करून विचारलं मी. पस्तीस. दोघींना मिळून एक देश. चालेल ना?"

मी पेन तिच्याच हातात दिलं.